अठरा लाख मिळकत, शून्य कर, शून्य पेन्शन

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत शेजारशेजारच्या दोन खुर्च्या डोळ्यांपुढे आणा. दोघे एकाच बसने येतात, एकाच मशीनवर पंचिंग करतात, एकाच मॅनेजरची बोलणी खातात. फरक गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा. एकाची निळी, दुसऱ्याची पिवळी. निळ्या पट्टीवाल्याला महिनाअखेर पगारपत्रक मिळते. पिवळी पट्टीवाला त्याच दिवशी कंपनीला इन्व्हॉइस पाठवतो आणि त्यावर लिहितो, ‘प्रोफेशनल फी’. त्याच्या करारात एक कलम असते: उभय पक्षांत मालक-नोकर असे नाते नाही. रजा मात्र त्याने मॅनेजरला विचारूनच घ्यायची!

समजा, दोघांनाही वर्षाला १८ लाख मिळतात. २०२५-२६ च्या नव्या कररचनेनुसार निळ्या पट्टीवाल्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्या १७ लाख २५ हजारांवर त्याचा कर उपकरासह १ लाख ५० हजार ८०० रुपये होतो. पिवळ्या पट्टीवाल्याचा सीए ‘४४एडीए’ हे कलम काढतो. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंते, तांत्रिक सल्लागार यांनी हिशेबाच्या वह्या न ठेवता निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवावी, अशी ही सोय आहे. १८ चे झाले ९ लाख. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने कर शून्य. कंपनीने टीडीएस म्हणून कापलेले दहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, रिफंड होऊन परत खात्यावर येतात.

नोकरदार चिडतो आणि त्याचे चिडणे रास्त आहे. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला जागेचे भाडे असते, कंपाउंडरचा पगार असतो, विजेचे बिल असते. त्याची निम्मी जमा खर्चात जाते हे समजण्यासारखे आहे. पण कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या एसीत, कंपनीचाच चहा पिऊन काम करणाऱ्याचा ९ लाखांचा खर्च कुठला? सोय छोट्या व्यावसायिकाची कटकट वाचावी म्हणून केली होती. ती नोकरीसारख्या नोकरीला बिनबोभाट चिकटली.

मात्र इथेच थांबून पिवळ्या पट्टीवाल्याला करबुडवा म्हणणाऱ्यांनी हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी. निळ्या पट्टीवाल्याचे मूळ वेतन निम्मे, म्हणजे वर्षाला ९ लाख धरू, आणि कंपनी १८ लाखांशिवाय वेगळा पीएफ भरते असे धरू. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांनी मालकाचा हिस्सा होतो १ लाख ८ हजार. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे १५ दिवसांची, २६ दिवसांच्या महिन्याच्या हिशेबाने सुमारे ४३ हजार २७०. बेरीज १ लाख ५१ हजार २७०. पिवळ्या पट्टीवाल्यापोटी यातला एक पैसाही कंपनीला भरावा लागत नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. पिवळ्या पट्टीवाल्या सल्लागाराचा वाचलेला कर १,५०,८००. कंपनीची वाचलेली देणी १,५१,२७०. फरक ४७० रुपयांचा. पगार वेगळा धरला, किंवा अनेक कंपन्या करतात तसा पीएफ फक्त १५ हजारांच्या मर्यादेवर कापला, तर आकडे हलतील. व्यवहार तोच राहील. माणसाच्या म्हातारपणासाठी कंपनीने जे बाजूला काढायचे, ते तिने काढले नाही. त्याची भरपाई सरकारी तिजोरीने करसवलतीच्या रूपाने केली, आणि तीही रोख, आजच्या आज. ही दीड लाखाची रक्कम दरवर्षी ८ टक्क्यांनी गुंतत गेली तर २५ वर्षांत सुमारे १ कोटी १० लाख होतील. हातात आलेली रोकड मात्र घराच्या हप्त्यात, मुलांच्या फीमध्ये आणि आईच्या ऑपरेशनमध्ये जाते. पीएफचा गुण असा की तो माणसाला विचारत बसत नाही, आधी कापतो.

बरे, या माणसाने शहाणपणाने स्वतःच एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, पैसे टाकायचे ठरवले तर? नव्या कररचनेत मालकाने नोकरदाराच्या एनपीएस खात्यात भरलेल्या रकमेला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट आहे. ज्याला मालकच नाही त्याने स्वतःच्या खिशातून भरले तर त्याच रचनेत वजावट नाही. ज्याच्या म्हातारपणाची सोय कोणीतरी करतो आहे त्याला सवलत, आणि ज्याची कोणीच करत नाही त्याला नाही. हा कायदा बेकायदा नसेल, पण उफराटा नक्कीच आहे.

नोकरदाराची पेन्शनही काही हेवा करण्याजोगी नाही. पीएफवाल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजारांवर अडली आहे. ३३ वर्षे नोकरी, वर दोन वर्षांचे वाढीव श्रेय, भागिले ७०, असे गणित मांडले तर पूर्ण मर्यादेवरही महिना साडेसात हजार मिळतात. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. तेवढ्यात महिन्याच्या गोळ्या तरी येतात का, हे कोणत्याही निवृत्त गिरणी कामगाराला विचारावे. म्हणजे भांडण तुपाशी आणि उपाशी यांच्यातले नाही. अर्धपोटी आणि उपाशी यांच्यातले आहे.

खासगी कंपनीला बोल लावताना सरकारचेही घर बघावे. राज्याने ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीसाठी नऊ एजन्सी नेमल्या. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. कागद रद्द झाला. तासिका तत्त्वावरचे सीएचबी प्राध्यापक आणि आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिका तिथेच राहिल्या. या मंडळींना ना अठरा लाख मिळतात, ना करसवलतीचा उपयोग. त्यांच्या वाट्याला फक्त दुसरे शून्य येते.

‘सही केली तेव्हा कळत नव्हते का?’ असे विचारणारे भेटतात. काहींना कळत असते. ते जास्त रोकड बघून खुशीने सही करतात. पण बहुतेकांपुढे कागद एकच असतो. आणि कागदावर काय लिहिले यापेक्षा काम कसे चालते हे महत्त्वाचे, हे मुंबईच्या प्रकरणात ठरून गेले आहे. महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी उचलून धरला. कचरा महापालिकेचा, देखरेख महापालिकेची, आणि कामगार तेवढे ठेकेदाराचे, हे सोंग टिकले नाही.

उपायही याच मातीतला आहे. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित करून हा प्रश्न लावून धरला आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालाला मजुरी देते आणि त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी सांभाळते. मालक बदलले तरी खाते बदलत नाही. मंडळांत आज गैरप्रकार नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण कल्पना पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिताही ॲपवाल्या कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घेण्याची तरतूद करते. डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा निदान कायद्यात उल्लेख झाला. पिवळ्या पट्टीवाल्याचा अजून नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जो सल्लागार वर्षभर एकाच कंपनीचे काम तिच्याच वेळापत्रकाने करतो, त्याच्या फीवर कंपनीने १२ टक्के लेव्ही भरावी आणि ती थेट त्याच्या पीएफ किंवा एनपीएस खात्यात जावी. निम्म्या उत्पन्नाची करसवलत अशा माणसाला सरसकट न देता, तो म्हातारपणासाठी जेवढे बाजूला टाकेल तेवढ्यापुरती द्यावी. नव्या कररचनेत स्वतः भरलेल्या एनपीएसलाही १४ टक्क्यांची वजावट मिळावी. ईपीएसची हजार रुपयांची किमान पेन्शन बदलावी. यात सल्लागाराला थोडा कर भरावा लागेल, हे त्याला स्पष्ट सांगायला हवे. नोकरदाराला हवा असलेला न्याय तोच आहे.

निळ्या आणि पिवळ्या पट्टीवाल्यांनी यंदा विवरणपत्र भरण्याआधी एकदा कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून आपापले आकडे एका कागदावर मांडावेत. तो कागद आणि हे पत्रक, दोन्ही आपल्या खासदाराच्या कार्यालयात नेऊन द्यावे आणि पोच घ्यावी.