देवराज अर्स आणि फॉर्म नंबर सात

(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

बेळगावच्या मराठी माणसासमोर कर्नाटकच्या कुठल्याही मुख्यमंत्र्याचे नाव घ्या, तो पहिला प्रश्न विचारील, "सीमाप्रश्नावर ते काय बोलले होते?" वर्गातल्या कन्नड मित्राला विचारा, तोही फिरवून तेच विचारील. दोघांच्या हाती एकच काटा आहे, फक्त पारडी उलटी. सीमाप्रश्न खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु राज्यकर्त्याला मोजायचे हे एकच माप उरले, की त्याने इतर काय केले आणि काय केले नाही हे आपल्या नजरेतून साफ निसटते. देवराज अर्स यांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. मराठी घरात त्यांचे नाव निघत नाही. निघाले तर "म्हैसूरचे कर्नाटक केले ते" इतकेच. आणि तरीही आमच्या सीमाभागातल्या कितीतरी मराठी कुळांच्या घरातल्या पेटीत त्यांच्या कारकिर्दीचा एक कागद जपून ठेवलेला आहे. या लेखात मी त्या कागदाविषयी आणि त्या माणसाविषयी लिहिणार आहे.

अर्सांचा जन्म २० ऑगस्ट १९१५ चा. म्हैसूर जिल्ह्याच्या हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळी हे त्यांचे गाव. अरसू समाज म्हैसूरच्या राजघराण्याशी नाते सांगणारा, पण संख्येने अगदी लहान. पदवी घेऊन नोकरीच्या मागे न लागता हा तरुण गावी परतून शेती करू लागला. १९४१ साली म्हैसूर संस्थानच्या प्रजाप्रतिनिधी सभेत निवडून गेला, 'चले जाव'च्या चळवळीत तुरुंगात गेला आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हुणसूरमधून आमदार झाला. पुढची वीस वर्षे हा माणूस राजकारणात होता, मंत्रीही झाला, पण पुढच्या रांगेत नव्हता. कारण उघड आहे. १९५६ ते १९७१ या काळात राज्याचे सगळे मुख्यमंत्री लिंगायत समाजाचे होते आणि त्याआधीच्या जुन्या म्हैसूर राज्यात वक्कलिगांचे वर्चस्व होते. ज्याच्या जातीची मते कुठल्याच मतदारसंघात निर्णायक नव्हती, त्याला पुढे कोण येऊ देणार?

१९६९ साली काँग्रेस फुटली. राज्यातले बडे नेते निजलिंगप्पांबरोबर राहिले आणि इंदिरा गांधींच्या बाजूची रिकामी खुर्ची अर्सांकडे आली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या २७ च्या २७ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. १९७२ च्या विधानसभेत २१६ पैकी १६५ मिळाल्या. मार्च १९७२ मध्ये अर्स मुख्यमंत्री झाले. विजय इंदिराबाईंच्या नावाचा होता, हे खरे. पण तो टिकवायचा कसा, याचे गणित अर्सांनी स्वतः मांडले. दोन मोठ्या जाती पाठीशी नसतील तर उरलेल्या सगळ्या लहान जाती, दलित, मुसलमान आणि कुळे एकत्र करायची. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली मागासवर्ग आयोग नेमला. त्याचा अहवाल नोव्हेंबर १९७५ मध्ये आला. लिंगायतांना मागासांच्या यादीबाहेर ठेवल्यामुळे मोठे वादळ झाले, पण त्या अहवालाच्या पायावर राखीव जागांची नवी व्यवस्था उभी राहिली. बसवलिंगप्पांसारखा दलित मंत्री डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी झटला, तोही याच मंत्रिमंडळात.

आता कुळांची गोष्ट. ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा होता. त्याला १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले जाणार होते. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. कृषक दिनाला पाच महिने उरले होते! बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र तिकडे राहिला आणि कोल्हापुरात गेला. शिनोळी तिकडे, कुद्रेमनी इकडे. मधे शेताचा बांध. दोन्हीकडे तेच भात, तीच नाचणी, तीच रताळी, तीच सोयरीक. पण तिकडचे कूळ १९५७ साली कायद्याने मालक ठरले आणि इकडचे कूळ खंड घालत राहिले. इकडे बी. डी. जत्तींच्या समितीच्या आधारे १९६१ चा भूसुधारणा कायदा झाला. तो अमलात यायला २ ऑक्टोबर १९६५ उजाडले, आणि आला तोही असा, की 'मी स्वतः कसणार' म्हणून मालकाला जमिनीचा हिस्सा परत मागता येई.

सीमाप्रश्नाच्या हिशेबात आपण गावे मोजतो, लोकसंख्या मोजतो, टक्केवारी मोजतो. कुळांची ही मधली सतरा वर्षे कोणी मोजली आहेत का? माझ्या वाचनात तरी ती आलेली नाहीत.

अर्सांच्या सरकारने १९६१ च्या कायद्याला जी दुरुस्ती केली ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी या दोन कायद्यांची तुलना जरूर करावी. मुंबईच्या कायद्यात व्यवहार मालक आणि कूळ यांच्यात होता. मालक विकणारा, कूळ घेणारे, किंमत हप्त्याने. अर्सांच्या कायद्यात त्या एका तारखेला कुळाकडची सगळी जमीन आधी सरकारजमा झाली. मालकाचे येणे सरकारकडे, कुळाचे देणे सरकारला. म्हणजे मालक आणि कूळ यांनी समोरासमोर बसण्याची वेळच ठेवली नाही. ज्याच्या ओसरीवर वर बसण्याची हिंमत होत नव्हती त्याच्याशी किमतीची घासाघीस कूळ काय करणार? ही गोष्ट ज्याने हेरली त्याला खेडे माहीत होते, असे मला वाटते.

कुळाने करायचे ते एकच. फॉर्म नंबर सात भरून द्यायचा. तालुक्याच्या न्यायमंडळात प्रांताधिकारी अध्यक्ष आणि सरकारने नेमलेले चार बिनसरकारी सभासद, त्यांत एक तरी अनुसूचित जाती-जमातीचा. वकिलांना तिथे उभे राहण्यास मनाई होती. दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद होता. अर्जाची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. राज्यभरातून आठ लाखांवर अर्ज आले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मंजूर झाले. सर्वांत जास्त कुळे किनारपट्टीच्या आणि मलनाडच्या जिल्ह्यांत होती, म्हणून लाभही तिकडे अधिक झाला. आपल्याकडे प्रमाण कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

त्या अर्जांत एक माझ्या पणजोबांचा होता. दोन एकर दहा गुंठे. न्यायमंडळाचा हुकूम कन्नडमध्ये आहे. पणजोबांना कन्नड बोलता येई, पण अक्षरओळख कुठलीच नव्हती. आजोबा मराठी चौथी शिकलेले, त्यांनाही तो वाचता आला नाही. कॉलेजात आल्यावर तो कागद मी घरात मोठ्याने वाचला आणि मराठीत सांगितला. आजी ऐकून म्हणाली, "एवढंच होय? आम्हाला वाटलं, आणखी काय काय लिहिलंय." एवढेच होते. पण त्या एवढ्यावर आमच्या घरातले खंडाचे भात मोजून पोचवणे थांबले.

म्हणून अर्सांना देव्हाऱ्यात बसवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो.

पहिली नावेची बाजू ही, की या कायद्याने सर्वांत खालच्या माणसाला फारसे दिले नाही. ज्याच्याकडे खंडाने का होईना, जमीन होती त्याला मिळाली. जो दुसऱ्याच्या बांधावर रोजाने राबत होता, तो राबतच राहिला. कमाल धारणेची मर्यादा घातली, पण वाटायला निघालेली जादा जमीन थोडी होती. तोंडी खंडाने कसणाऱ्याकडे पुरावा नव्हता. आणि हक्क बहुतेक पुरुषांच्या नावे लागला. पणजीने त्याच शेतात आयुष्य काढले, तिचे नाव कुठल्याच रकान्यात नाही.

दुसरी बाब मालकांची. प्रत्येक मालक काही जमीनदार नव्हता. चार एकरांच्या खंडावर जगणारी विधवा होती, परगावी मास्तरकी करणारा ब्राह्मण किंवा लिंगायत होता. कायद्याने सैनिकांसारखे मोजके अपवाद ठेवले, या लोकांसाठी ठेवला नाही. आपल्या वर्गात अशा घरातली मुलेही बसतात. त्यांच्या घरी अर्सांचे नाव कसे घेतले जात असेल, ते मला समजू शकते.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. न्यायमंडळाचे बिनसरकारी सभासद सरकारच नेमणार, म्हणजे ते पक्षाची माणसे असणार, हे काय सांगायला हवे? गरिबाला न्याय आणि कार्यकर्त्याला मानपान, दोन्ही एकाच टेबलावर. अर्सांचे सारे राजकारण असेच चाले. केंद्रात जनता सरकार आल्यावर १९७७ साली त्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती ग्रोव्हर आयोग बसला. केंद्राला असा आयोग नेमता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्य हरले. काही आरोप आयोगाने मान्य केले. आणीबाणीतही अर्स दिल्लीच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. 'संस्कार' चित्रपटातली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी बंगलोरच्या तुरुंगात दम्याने खंगल्या आणि सुटल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये वारल्या. ज्या सरकारने कुळाला मालक केले त्याच सरकारच्या तुरुंगात हे घडले. एक पान वाचायचे आणि दुसरे दुमडून ठेवायचे, हे आपण करू नये.

पुढची कथा थोडक्यात. डिसेंबर १९७७ मध्ये सरकार गेले, राष्ट्रपती राजवट आली. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत अर्स २२४ पैकी १४९ जागा घेऊन परत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीतून इंदिरा गांधी लोकसभेत गेल्या, त्यामागेही अर्सांचीच मेहनत होती. मग १९७९ साली दोघांचे फाटले. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या २८ पैकी २७ जागा इंदिरा काँग्रेसला मिळाल्या आणि अर्सांनी राजीनामा दिला. ६ जून १९८२ रोजी ते वारले. ज्या कुळांना त्यांनी जमीन दिली त्यांनीही १९८० साली मत दुसरीकडे दिले. याला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. जमीन हा हक्क म्हणून मिळाली असेल तर तिच्या बदल्यात आयुष्यभराचे मत देणे लागत नाही. उलट ज्याला आता कोणाच्या ओसरीखाली उभे राहावे लागत नाही, तोच मनासारखे मत देऊ शकतो.

हा सगळा इतिहास आज का सांगायचा? कारण १९७४ साली लावलेले एक दार २०२० साली उघडले गेले. अर्सांच्या कायद्यात शेतकरी नसलेल्या माणसाला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बिगरशेती उत्पन्न असलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. कलम ७९ अ आणि ब ते यासाठी. कुळाला मिळालेली जमीन पंधरा वर्षे विकताही येत नसे. २०२० च्या दुरुस्तीने ती दोन्ही कलमे गेली. आता कोणीही घेऊ शकतो. आमच्या गावाकडे दलाल मोटारसायकलवरून फिरतात. आमच्या दोन एकर दहा गुंठ्यांनाही विचारणा झाली आहे. काका म्हणतात, "शेतीत उरतंय काय? खताचे पैसे निघत नाहीत." खर्चाचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. काकांचे खोटे नाही. माझी फी त्या शेतातून निघत नाही, बाबांच्या फौंड्रीतल्या पगारातून निघते.

तरीही माझे मत विकण्याच्या विरुद्ध आहे, आणि ते मी घरात सांगितले आहे. पण केवळ 'पूर्वजांची जमीन' म्हणून नव्हे. जमीन विकून आलेला पैसा आमच्यासारख्या घरात किती दिवस टिकतो, हे आजूबाजूला दिसते आहे. आणि एकदा गेली की पुन्हा भरायला फॉर्म नंबर सात कोणी छापणार नाही. अर्सांनी जमीन दिली, पण पाणी, पत आणि बाजार हे तिच्यामागून यायला हवे होते. ते पुढच्या राज्यकर्त्यांचे काम होते, आणि त्याविषयी आपण त्यांना कधी विचारले नाही. आपण त्यांना भाषा विचारली. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. दोन्हींत चालणाऱ्यांची शेते एकाच दलालाच्या वहीत आहेत.

मित्रांनो, पुढच्या निवडणुकीत आपल्यापैकी अनेक जण पहिल्यांदा मत देतील. उमेदवार आपल्या दारी येईल तेव्हा सीमाप्रश्न जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की ७९ अ आणि ब बद्दल तुमचे मत काय, आणि दोन एकरवाल्याला शेती परवडावी म्हणून तुम्ही काय करणार. मराठीत विचारा किंवा कन्नडमध्ये विचारा. आणि घरात जुनी पेटी असेल तर ती उघडून पाहा. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर वर्गातल्या शेजारच्या बाकावरच्याला दाखवा.