कुणाला कळतंय?

परवा उलव्याला मित्राच्या गच्चीत बसलो होतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडे विमानाशिवाय दुसरा विषय नसतो. त्यात मित्राचा पुतण्या सुट्टीवर आलेला, पायलटचं शिक्षण चालू आहे त्याचं. पोरगं रंगात आलं. एकटा असताना सेसनाला सूर मारायला लावून मग खसकन वर कसं खेचलं वगैरे. "काका, सीटमध्ये पार रुतलो!" सगळे खूश. मी विचारलं, उतरल्यावर नोंद केलीस? म्हणाला, "छे हो, कुणाला कळतंय?"

माझं डोकं फिरतं ते इथे.

साध्या गटातल्या छोट्या विमानाची रचना वजनाच्या ३.८ पट भाराला प्रमाणित असते. कसरतीच्या विमानाची ६ पट. उंची न सोडता ६० अंश कलून वळलं तरी भार दुप्पट होतो, मग वेगात हिसका दिल्यावर काय होत असेल? भार दाखवणारा काटाही साध्या सेसनात सहसा नसतो. मर्यादेच्या वर दीडपटीपर्यंत ताकद राखीव ठेवतात, हे खरं. पण ती वापरायला नसते. तिथे पंख तुटला नाही तरी पत्रा वाकतो, रिव्हेट ढिले होतात, केसाएवढी चीर पडते. आणि धातू विसरत नाही.

लहानपणी आम्ही तासावर सायकल भाड्याने घ्यायचो. रिम वाकवून गुपचूप परत करायचो आणि पुढचा आपटायचा. त्याचा गुडघा फुटायचा, एवढंच.

१९७० साली इंग्लंडमध्ये नील विल्यम्सच्या झ्लिन विमानाचा पंख सरावात निखळू लागला. कारण धातूचा थकवा. त्याने विमान उलटं केलं, पंख जागेवर आला, आणि जमिनीलगत पुन्हा सुलटं करून तो वाचला. तो कसरतीतला मुरलेला वैमानिक होता, आणि विमानही कसरतीचंच. तासाच्या हिशेबाने शिकणारं विशीतलं पोर हे करेल?

कुणी म्हणेल, धाडस नको का? संजय गांधी २३ जून १९८० ला दिल्लीत गेले ते पिट्समध्ये, म्हणजे खास कसरतीसाठी बनवलेल्या विमानात. तिथे उंची पुरली नाही. धाडस म्हणायचं तर निदान धोका स्वतःचा हवा. ह्या पठ्ठ्याने तो दुसऱ्याच्या नावावर लिहून ठेवला.

चूक एकट्या पोराचीही नाही म्हणा. कबूल केलं की खर्च अंगावर, तास लांबणार, सगळ्यांसमोर शिव्या. अशा धाकात कोण खरं बोलेल? कबुली देणाऱ्याला आधी चहा पाजा, मग इंजिनिअरकडे न्या. रागवायचं ते नंतर.

"ते विमान आता कुठंय?" मी विचारलं.

"उडतंय की."

मग मी तिथेच त्याला इंजिनिअरला फोन करायला लावला. मित्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.