वेल लावण्याआधी करार वाचा

कळमन्याला संत्रा उतरवायचा, पट्टी घ्यायची, इतवारीत बाजार करायचा अन् घरी परतायचं, हा आपल्या बागायतदाराचा नेम. कोणी तर बहार झाडावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. भाव दुसऱ्यानं सांगायचा, आपण मान डोलवायची. म्हणूनच नाशिकच्या वाइनची गोष्ट ऐकली की मन चाळवतं. शेतकरी बंधूंनो, ती गोष्ट पुरती ऐका.

राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या घरच्या जमिनीत आधी आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे करून पाहिली. मग १९९७ मध्ये पांढऱ्या वाइनच्या सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

हे काम सोपं नाही. वाइनचं द्राक्ष लहान मण्याचं अन् बियांचं. जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हं चढण्याआधी ते तोडायचं. रस काढून साल लगेच वेगळी करायची आणि रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवायचा. टाकी तापली की सुवास गेला. म्हणजे बागेसोबत थंडाव्याचाही खर्च आला.

२००१ मध्ये राज्य शासनाने वाइनला सवलती दिल्या आणि नाशिककडे अनेकांनी वेल लावले. पण २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली. नारायणगावचा जुना 'इंडेज' उद्योग कर्जात बुडाला. कितीतरी शेतकऱ्यांनी वेल उपटून टाकले, कारण हे द्राक्ष फळबाजारात खपत नाही. कारखान्यानं नाही म्हटलं, की माल मातीमोल!

संत्रा तोडून द्राक्ष लावा, असं आमचं म्हणणं नाही. संत्र्याला निदान कळमना तरी आहे. पण उद्या रसासाठी वेगळी जात लावा म्हणून कोणी दारी आला, तर पहिला सवाल हाच करा: तुम्ही माल नाही उचलला, तर दुसरा घेणारा कोण? भाव किती, पैसे किती दिवसांत, नापसंत माल कोणाच्या माथी, हे सारं कागदावर घ्या.

ग्रामपंचायत आणि कृषी खात्याच्या मंडळींनीही असा करार ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावा. झाड वर्षानुवर्षे उभं राहतं. तोंडचा शब्द तेवढा टिकत नाही. आधी वाचन, मग सही, अन् त्यानंतरच लागवड.