वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात नवे जनित्र आले म्हणजे नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि फलकावर नाव कोरले जाते. परंतु महावितरणची वीज गेल्यावर त्या जनित्राची वीज शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचवणार कोण, हा प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारीत नाही. हे काम करणारा चेंजओव्हर स्विच भिंतीवरच्या एका पेटीत असतो. त्याच्या वाट्याला ना फलक येतो, ना फीत. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी आणीबाणीच्या रात्री रुग्णालयाची खरी परीक्षा होते ती मात्र याच पेटीत.

मराठवाड्याला अंधार नवा नाही. २००५ नंतरची काही वर्षे येथील शाळा, कचेऱ्या आणि गिरण्या भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालल्या. वेळापत्रकातला अंधार एकवेळ सोसवतो, कारण त्याची तयारी आधी करता येते. घात करतो तो न सांगता येणारा अंधार. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमारास. आपत्ती हजेरीपट पाहून येत नाही. अशा वेळी स्विचची मूठ फिरवणारा माणूस जागेवर असेलच, असे गृहीत धरून रुग्णालय चालवणे म्हणजे रुग्णांचे प्राण योगायोगावर सोपवणे होय.

स्वयंचलित स्विचचे प्रयोजन येथे आहे. त्याचा नियंत्रक तिन्ही फेजवरील दाब अखंड पाहत असतो. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की तो काही क्षण थांबतो, कारण प्रत्येक झटक्यासरशी इंजिन सुरू करणे शहाणपणाचे नव्हे. वीज खरोखरच गेली आहे असे ठरल्यावर तो जनित्राला सुरू होण्याचा संकेत देतो. दाब आणि वारंवारिता स्थिरावली की तो आधी बाहेरची जोडणी तोडतो आणि मगच जनित्राची जोडतो. या साऱ्याला साधारणपणे दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढा वेळ कृत्रिम श्वसनयंत्र बॅटरीवर चालले पाहिजे; ती सोय स्विच करू शकत नाही. बाहेरची वीज परतल्यावरही तो काही मिनिटे तिची पारख करतो, भार तिकडे वळवतो आणि इंजिन थोडा वेळ रिकामे चालवून थंड झाल्यावर बंद करतो.

‘आधी तोडणे, मग जोडणे’ या क्रमात आणखी एका माणसाचा जीव गुंतलेला आहे. तो माणूस म्हणजे खांबावर चढलेला वायरमन. बाहेरची जोडणी न तोडता जनित्र सुरू केले, तर त्याची वीज उलट वाहिनीत शिरू शकते. ११ हजार व्होल्टचे ४१५ करणारे रोहित्र उलट दिशेने ४१५ चे ११ हजारही तितक्याच इमानाने करते. वाहिनी बंद आहे अशा समजुतीने तारेला हात लावणाऱ्याला तो क्षण पुरेसा असतो. म्हणूनच दोन्ही जोडण्या एकाच वेळी होऊ न देणारा यांत्रिक अटकाव स्विचमध्ये असावाच लागतो. दुकानात वा घरी जनित्राची तार थेट प्लगमध्ये खुपसणारे स्वतःची सोय पाहतात आणि दुसऱ्याचे मरण ओढवतात. स्वयंचलित यंत्र परवडत नसेल तेथे हाताने फिरवायचा स्विच चालेल. अटकावाविना जोडणी मात्र कदापि चालणार नाही.

महानगरांनीही या बाबतीत गाफील राहू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि रुग्णालयांच्या जनित्रांसाठी किमान आठ तासांचे डिझेल राखण्याचे आदेश महापालिकेला द्यावे लागले. संकट दारात आल्यावर डिझेल मोजावे लागते, यातच सारे आले.

स्वयंचलित यंत्र माणसाची जबाबदारी नाहीशी करीत नाही. ते ती आणीबाणीच्या क्षणावरून निवांत दिवसावर आणते. नुसते बटण दाबून इंजिन धडधडले म्हणजे चाचणी झाली, असे नव्हे. महिन्यातून एकदा, डॉक्टरांना पूर्वसूचना देऊन आणि एकही शस्त्रक्रिया चालू नसताना, मुख्य पुरवठा प्रत्यक्ष तोडून भार जनित्रावर गेला पाहिजे. किती सेकंद लागले, डिझेल किती उरले, इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीची स्थिती कशी आहे, याची नोंद सहीनिशी वहीत झाली पाहिजे. कारण ऐनवेळी दगा देते ती बहुधा हीच दुर्लक्षित बॅटरी.

ग्रामीण रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकीत जनित्राची किंमत जशी विचारली जाते, तशी ही वहीही मागितली जावी. गावातील शिक्षकांनी, कचेरीतील कर्मचाऱ्यांनी, विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आग्रह धरल्यास त्यात अवघड असे काही नाही. या मागणीसाठी नव्या निधीची गरज नाही. गरज आहे ती महिन्याकाठी अर्ध्या तासाची, आणि ती सही खोटी नसण्याची.