अंगणांतील स्ट्रॉबेरी

महाबळेश्वर-पांचगणीच्या वाटेवर लाल फळांनीं भरलेल्या टोपल्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिल्या असतील. त्या पाहून मुलांच्या तोंडास पाणी सुटतें व वडीलमंडळी भाव करूं लागतात. हें फळ तयार कसें होतें, याचा विचार मात्र थोडेच करितात. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्या घरीं थोडें अंगण किंवा उन्हाची गच्ची आहे, त्या घरच्या मुलांनीं एक तरी हिंवाळा स्ट्रॉबेरीचा वाफा स्वतः राखावा.

यावर कित्येक पालक म्हणतील, "मुलांस शाळेंत घातलें तें मातींत हात घालण्यासाठीं नव्हे." परंतु ज्या शिक्षणानें मातीची लाज वाटूं लागते, तें शिक्षण अर्धवटच होय. स्ट्रॉबेरीचा जो लाल, रसाळ भाग आपण खातों, तो वस्तुतः फुलाच्या देठाचा फुगलेला माथा असून, त्यावरील ज्या बारीक दाण्यांस आपण बिया म्हणतों, तेच तिचीं खरीं फळें होत. पुस्तकांत वाचलेली ही गोष्ट परीक्षेबरोबर विसरली जाते. ज्यानें फुलाचें फळ होतांना रोज पाहिलें, तो ती विसरत नाहीं.

कृति कठीण नाहीं. पाऊस ओसरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, निरोगी रोपें आणावीं. निचऱ्याच्या भुसभुशीत मातींत कुजलेलें शेणखत मिसळून वीतभर उंचीचा गादीवाफा करावा व रोपें फूटभर अंतरावर लावावीं. जेथून नवीं पानें फुटतात तो गाभा मातींत गाडूं नये, नाहीं तर तो कुजतो. ओल्या मातीस टेकलेलें फळ सडतें, म्हणून खालीं भाताचा पेंढा अंथरावा. पाणी पानांवर न ओततां मुळाशीं द्यावें. फुलांवर विषारी औषध मारूं नये. मधमाश्या फिरकल्या नाहींत, तर फळ वेडेंवांकडें होतें. रोपापासून आडव्या पसरणाऱ्या दोऱ्या फळांच्या दिवसांत खुडाव्या. हंगामाच्या शेवटीं मात्र एकदोन रुजूं द्याव्या, म्हणजे नवीं रोपें घरचींच होतात.

फूल उमलल्यापासून सुमारें एका महिन्यानें फळ तयार होतें, आणि येथेंच खरी परीक्षा आहे. कैरी अढींत पिकते, केळें घरांत पिकतें. परंतु स्ट्रॉबेरी एकदां तोडली कीं पुढें गोड होत नाहीं. उतावळ्याच्या वांट्यास आंबट फळच येतें. म्हणून देठापर्यंत लाल झालेलें फळ सकाळच्या गारव्यांत, थोडा देठ ठेवून, नखानें अलगद खुडावें, ओढूं नये.

इतक्या श्रमांनंतर पदरीं ओंजळभर फळें पडतील. बाजारभावानें हिशेब केला, तर हा व्यवहार तोट्याचाच ठरेल, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करितों. पण लाभ निराळाच आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो. मात्र तीं फळें खुडणाऱ्या आयाबायांस दिवसभर वाफ्यांवर वांकावें लागतें, एकेक फळ पारखावें लागतें व दुखूं न देतां टोपलींत ठेवावें लागतें, याची आठवण कितीजणांस राहते? अर्धा तास वांकून स्वतःच्या वाफ्यांतील दहा फळें खुडलेल्या मुलास ती कोणीं शिकवावी लागत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या आश्विनांत चार रोपें तरी लावा. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलांच्या हातांस माती लागली म्हणून रागावूं नये. पुढील हिंवाळ्यांत टोपलीवालीशीं आपण दोन पैशांसाठीं घासाघीस करूं लागलां आणि मुलानेंच हळूच आपला हात ओढला, तर त्या वाफ्याचें पीक उत्तम आलें असें खुशाल समजावें.