दोष डिस्कचा की केबलचा?

संगणक अडखळू लागला, साधी फाइल उघडायलाही मिनिट लागू लागले, की पहिला संशय हार्ड डिस्कवर येतो. ती काढून नवी बसवली जाते. जुन्या डिस्कवरची माहिती हलवताना काही हरवले तर त्याला इलाज नसतो. पंधरा दिवसांनी संगणक पुन्हा अडखळला, की मग कोणीतरी डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी केबल पाहतो आणि ती सैल निघते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. तो टाळता येतो, कारण दोष कुठे आहे हे डिस्क स्वतःच नोंदवून ठेवत असते.

‘सीरियल एटीए’ म्हणजे ‘साटा’ हे जोडणीचे मानक २००३ साली आले. त्याआधीच्या रुंद पट्टीसारख्या केबलमध्ये ४० किंवा ८० तारा असत. साटाच्या केबलमध्ये त्या अवघ्या ७ असतात आणि बिट एकामागून एक धावतात. वेग सेकंदाला ६०० कोटी बिटपर्यंत. एका बिटच्या वाट्याला येणाऱ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. एवढ्या नाजूक संदेशात पॉवर सप्लायचा किंवा शेजारच्या तारांचा विद्युत गोंगाट मिसळला, तर १ चा ० व्हायला वेळ लागत नाही.

हा गोंगाट पुरता नाहीसा होणार नाही, हे गृहीत धरूनच साटाची रचना झाली. प्रत्येक संदेश दोन तारांवरून एकमेकांच्या उलट रूपात जातो. गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि घेणारे टोक दोघींतला फरकच मोजत असल्याने तो बहुतांशी वजा होतो. तरीही चूक झालीच तर ‘सीआरसी’ ही तपासणी असते. पाठवणारे टोक माहितीवर भागाकारासारखी क्रिया करून ३२ बिटांची बाकी सोबत पाठवते. घेणारे टोक तोच हिशेब पुन्हा करते. बाकी जुळली नाही तर माहिती नाकारली जाते आणि संगणक तो आदेश पुन्हा देतो. पुढची खेप बरोबर आली, की वापरणाऱ्याला जाणवतो तो फक्त थोडा उशीर.

अशा प्रत्येक चुकीची नोंद बहुतेक साटा डिस्क आपल्या ‘स्मार्ट’ नोंदवहीत १९९ या क्रमांकाखाली ठेवतात. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधून ती वाचता येते. हा आकडा वाढत असेल तर आधी केबल आणि जोडणी तपासावी. केबल बदलल्यावरही तो शून्यावर येत नाही. त्यामुळे घाबरायचे ते जुन्या आकड्याला नव्हे, वाढत्या आकड्याला. ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील, तर मात्र डिस्कच आतून खराब होते आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर ठरवत नाही; मग येथे तपासणीआधीच शस्त्रक्रिया का?

सीआरसीलाही मर्यादा आहे. तिचा पहारा फक्त केबलपुरता. संगणकाच्या मेमरीतच माहिती बिघडली, तर त्या बिघडलेल्या माहितीची बाकी अचूक निघते आणि चूक सही-शिक्क्यानिशी डिस्कवर उतरते. म्हणून महत्त्वाच्या यंत्रांत चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, फाइल पुन्हा पडताळणारी प्रणाली आणि वेगळ्या जागी ठेवलेली प्रत, या तिन्हींची गरज असते.

रुग्णालयात सीटी स्कॅनच्या प्रतिमा आणि तपासण्यांचे अहवाल आता डिस्कवर असतात. केबलमुळे डिस्क ऐनवेळी प्रतिसाद देईनाशी झाली, तर मागचा स्कॅन डॉक्टरांपुढे येत नाही आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. अशा ठिकाणी देखभालीचे करार असतात. पण संगणक सुरू होतो, एवढ्यावर तपासणी आटोपत असेल तर तो करार कागदापुरताच. प्रत्येक भेटीत हे आकडे लिहून घेणे आणि मागच्या भेटीशी ताडून पाहणे करारातच बंधनकारक हवे. डिस्कच्या मानाने केबलची किंमत फुटकळ असते. बचतीची प्रत घ्यावी, केबल बदलावी, आकडा पाहावा. डिस्क बदलण्याचा निर्णय त्यानंतरचा.