पोराचा डोळा अचानक तिरळा झाला तर

डोळा लवला की आपण शकुन-अपशकुन बघतो. पापणी फडफडते ती बहुधा जागरणाने किंवा थकव्याने. तिची काळजी नको. पण बुबुळच वाकडे चालू लागले, तर ते अंगावर काढू नका.

मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, देठासारखा अंगठ्याएवढा भाग असतो. डोळा फिरवणाऱ्या नसा तिथूनच निघतात. तिथे किंवा शेजारच्या लहान मेंदूत गाठ वाढली, की कधीकधी पहिली खूण डोळ्यातच दिसते. एक डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, नाकाकडे ओढलेला राहतो. एकाचे दोन दिसतात. बुबुळे झटके देत हलतात. मूल मान तिरकी करून बघते.

घरी अशी पारख करा. मुलाला समोर बसवा, डोके हलवू देऊ नका. हातभर अंतरावर बोट धरून ते डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. जोडीच्या बैलांसारखी दोन्ही बुबुळे बरोबर चालली पाहिजेत. दोन दिसत असतील, तर आळीपाळीने एकेक डोळा झाका. झाकल्यावर एकच दिसले, तर दोष स्नायूत किंवा नसेत. तरीही दोनच दिसले, तर बहुधा मोतीबिंदूसारखा डोळ्याचाच विकार.

प्रत्येक तिरळेपणा म्हणजे गाठ नव्हे. तो जन्मापासून असू शकतो. मोठ्या माणसांत मधुमेहानेही नस दुखावते. दारूने किंवा फिटच्या काही गोळ्यांनीही बुबुळे हलतात. मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याच्या पापण्या पहाटे जड झाल्या आणि एकाचे दोन दिसू लागले, तर मण्यार चावल्याचा संशय धरा व तत्काळ दवाखाना गाठा. मण्यारच्या दंशाची जागा पुष्कळदा दिसतही नाही.

डोळ्याच्या खुणेसोबत सकाळी उठताच डोकेदुखी व उलटी, चालताना झोकांड्या, तोंड वाकडे होणे किंवा गिळताना ठसका असेल, तर नुसत्या चष्म्यावर भागवू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. या भागाभोवती जाड हाड असल्याने एम.आर.आय. तपासणीत गाठ अधिक स्पष्ट दिसते. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

लहान मेंदूतल्या काही गाठी वेळेवर काढल्या तर मूल बरे होते. देठात पसरलेली गाठ कापता येत नाही. तिथे किरणोपचार देतात. म्हणून दृष्ट काढायची तर काढा, पण सकाळची एस. टी. चुकवू नका.